हजेरीपटावर नसलेले तास

काही वर्षांपूर्वी दिल्लीतल्या आमच्या भागातील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एक प्रसंग घडला. आरती चालू होती. माझ्या शेजारी उभा असलेला, लातूरकडचा एक तरुण निवासी डॉक्टर हातात टाळ धरूनच भिंतीला टेकला आणि उभ्या उभ्या झोपी गेला. टाळ हातातून निसटून फरशीवर आदळला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिले. काही जण हसले. आरतीनंतर मी त्याला म्हटले, "अरे, बरे नाही का तुला?" तो म्हणाला, "काका, तब्येतीला काही नाही. काल सकाळी सातला ड्यूटीवर गेलो होतो, आत्ता संध्याकाळी सुटलो. खोलीवर गेलो असतो तर उठलोच नसतो, म्हणून थेट इकडे आलो. दीड महिन्यात मराठी बोललो नव्हतो."

मी मनातल्या मनात हिशेब केला. सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात, म्हणजे छत्तीस तास. सहज म्हणून विचारले, "हे हजेरीपटावर कसे लिहितात?" तो जरा चमकला. म्हणाला, "हजेरीपटावर? तिथे आठ तासच असतात, काका."

त्या उत्तराने माझी झोप उडाली, कारण त्याच्या दोनच वर्षे आधी मी एका फाईलवर केलेली टिप्पणी मला आठवली. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाने निवासी डॉक्टरांची अतिरिक्त पदे मागितली होती. पदनिर्मितीच्या प्रस्तावांची आर्थिक छाननी त्या वेळी माझ्याकडे होती. मी नियमाप्रमाणे मागच्या सहा महिन्यांचे ड्यूटी-रोस्टर मागविले. ते आले, अगदी नीटनेटके. प्रत्येक डॉक्टर आठवड्याला ४८ तास, एक सुट्टी. मी लिहिले : "सादर केलेल्या नोंदींवरून सध्याचा कार्यभार विहित मर्यादेतच असल्याचे दिसते, सबब अतिरिक्त पदांचे समर्थन होत नाही." वरिष्ठांनी त्यावर सही केली. फाईल बंद झाली. आमच्या दृष्टीने ते एक चांगले, काटेकोर काम होते.

प्रशासनात आपण कागदावर विश्वास ठेवतो, आणि ठेवलाही पाहिजे. परंतु कागद खोटा का झाला, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. तो आता विचारतो आहे.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांबद्दल आपल्या देशात नियमच नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांच्या योजनेबाबत निर्देश काढले. त्यांत म्हटले आहे की सलग सक्रिय काम सामान्यतः दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त असू नये. ऑन-कॉल काम एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त असू नये. आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी. आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावे. हे ४८ तास कुठून आले, हे सांगावयास नको. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारासाठी घातलेली मर्यादाही तीच होती.

मात्र त्याच निर्देशांत पुढे एक जोड आहे : कामाचे तास लवचीक राहतील आणि कामाचा भार व डॉक्टरांची उपलब्धता पाहून वैद्यकीय अधीक्षक ते ठरवतील. नियमाच्या शेवटी 'लवचीक' हा शब्द आला की काय होते ते प्रत्येक जुन्या अधिकाऱ्याला ठाऊक असते. अपवाद हाच नियम होतो, आणि मूळ नियम फक्त रोस्टरच्या पहिल्या पानावर शिल्लक राहतो. अधीक्षकाला खरे तास लिहिता येत नाहीत, कारण ते लिहिले तर आपणच निर्देशांचा भंग केल्याची लेखी कबुली होते. खरे तास लिहिले नाहीत तर जादा पदांची गरज सिद्ध होत नाही. पदे मिळाली नाहीत तर तास कमी होत नाहीत. आणि तास कमी झाले नाहीत, म्हणून पुन्हा खोटे लिहावे लागते. या चक्रात अधीक्षक वाईट नव्हता, मीही वाईट नव्हतो. तरीही छत्तीस तासांची पाळी आम्ही दोघांनी मिळून चालू ठेवली.

छत्तीस तास होतात तरी कसे, हेही समजून घेणे जरूर आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत युनिट पद्धत आहे. प्रत्येक युनिटला ठरावीक दिवशी 'इमर्जन्सी' असते. त्या चोवीस तासांत येणारा प्रत्येक तातडीचा रुग्ण त्या युनिटचा. डॉक्टर सकाळी येतो, आदल्या रुग्णांचा राउंड करतो, मग दिवसभर आणि रात्रभर नवे रुग्ण भरती करून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नवे रुग्ण प्राध्यापकांना दाखवायचे असतात, त्यांच्या तपासण्या करायच्या असतात, शिवाय युनिटची ओपीडी किंवा शस्त्रक्रिया असते. मग घरी जायचे कधी? रुग्ण 'युनिटचा' आहे आणि युनिटचा सर्वांत धाकटा माणूस म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, त्यामुळे तो थांबतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. रुग्णाची जबाबदारी एका माणसाने शेवटपर्यंत घ्यावी, या एका चांगल्या तत्त्वाचाच हा परिणाम आहे. पण ते तत्त्व पेलण्याइतकी माणसे त्यामागे उभी नाहीत.

माणसे किती लागतात? हा हिशेब पाचवी-सहावीतल्या मुलालाही जमेल. आठवड्याचे तास १६८. एखाद्या ठिकाणी चोवीस तास एक डॉक्टर हवा असेल आणि प्रत्येकाने ४८ तास काम करायचे असेल, तर साडेतीन माणसे लागतात. साप्ताहिक सुट्टी त्यात आली. वर्षाची २०-२५ दिवसांची रजा धरली की आकडा ३.८ होतो, म्हणजे जवळजवळ चार. दोनच माणसे दिली तर प्रत्येकाला आठवड्याला ८४ तास पडतात, आणि त्यांतला एक तापाने आजारी पडला तर दुसऱ्याला १६८. आपल्याकडे पदे मंजूर करताना खाटा मोजतात, अध्यापक मोजतात, प्रवेशाच्या जागा मोजतात. १६८ ला ४८ ने भागण्याचे काम मात्र कुठल्याच फाईलवर झालेले मी पाहिलेले नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे एक सरळ कारण दिसते. निवासी डॉक्टरला महिन्याचे विद्यावेतन ठरावीक मिळते. त्याने ४८ तास काम केले काय किंवा ९० तास केले काय, रुग्णालयाच्या खर्चात एका रुपयाचा फरक पडत नाही. म्हणजे एकोणपन्नासाव्या तासापासून पुढचा प्रत्येक तास अंदाजपत्रकाच्या दृष्टीने फुकट. जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर कोणी मोजून करीत नाही. म्हणूनच देशातील सर्वांत हुशार मुलांपैकी एक, एमबीबीएस होऊन आलेला डॉक्टर, रात्री दोन वाजता रक्ताच्या बाटल्या घेऊन प्रयोगशाळेकडे धावताना दिसतो, कधी स्वतः ट्रॉली ढकलतो, कधी एकच माहिती तीन फॉर्मांवर लिहितो. ज्या कामाला परिचर, तंत्रज्ञ किंवा कारकून लागतो, ते डॉक्टरकडून करून घेतल्यास रुग्णालयाची बचत होते. वस्तुतः ही बचत नव्हे. तो खर्च दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर पडतो, कधी डॉक्टरच्या प्रकृतीच्या, कधी रुग्णाच्या जिवाच्या.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. 'नेचर' या नियतकालिकात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते आणि २४ तासांनंतर ती साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेतील माणसाला आपण स्कूटर चालवू देत नाही, त्या अवस्थेतील माणसाच्या हाती आपण इन्शुलिनची सुई आणि नवजात बालकाच्या औषधाची मात्रा देतो. अमेरिकेत २००४ साली अतिदक्षता कक्षांतील इंटर्नचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जुन्या पद्धतीच्या दीर्घ पाळ्यांमध्ये गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या.

यावर ज्येष्ठ डॉक्टर मंडळींचा आक्षेप असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, पाळ्या लहान केल्या तर रुग्ण हातोहात फिरतो, प्रत्येक हस्तांतरात काहीतरी निसटते, आणि शिकणाऱ्याला आजाराचा पूर्ण क्रम बघायला मिळत नाही. अमेरिकेचा अनुभव त्यांच्या बाजूने थोडासा आहेच. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या तरुणीचा रुग्णालयात मृत्यू झाला, त्यावरून चौकशी झाली आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००३ मध्ये ती सर्व देशाला लागू झाली. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची सलग पाळी १६ तासांवर आणली गेली, परंतु २०१७ मध्ये ती मर्यादा मागे घेण्यात आली. कारण मोठ्या चाचण्यांत असे दिसले की पाळीची लांबी लवचीक ठेवली तरी रुग्णांच्या मृत्यूंचे प्रमाण वाढत नाही. मात्र आपल्याकडे हा दाखला देताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. त्या चाचण्यांत दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा कायम होती. लवचीकपणा होता तो त्या कुंपणाच्या आत. आपल्याकडे कुंपणच नाही.

हस्तांतराबद्दल म्हणाल, तर त्यालाही उत्तर आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ बालरोग विभागांनी हस्तांतराची एक ठरावीक पद्धत शिकवून अमलात आणली. टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे रेल्वेचा स्टेशनमास्तर पाळी बदलताना कोणती गाडी कुठे उभी आहे हे वहीत लिहून, सही करून मगच उठतो. मग वीस रुग्णांचे हस्तांतर जिन्यात उभ्याने दोन मिनिटांत का व्हावे?

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. रेल्वेत 'रेस्ट गिव्हर' नावाचे पद असते. या माणसाचे काम एवढेच की आज या स्टेशनच्या, उद्या त्या स्टेशनच्या मास्तरची साप्ताहिक विश्रांतीची पाळी सांभाळायची. त्याशिवाय 'लीव्ह रिझर्व्ह' म्हणून रजेसाठी राखीव माणसे असतात. म्हणजे विश्रांती आणि रजा या गोष्टी घडणारच, हे तिथे पदांच्या संख्येतच गृहीत धरलेले आहे. आमच्या मंत्रालयीन संवर्गांतही रजा-राखीव पदे असतात. निवासी डॉक्टरांसाठी असे काही मी ऐकलेले नाही. त्यामुळे निवासी डॉक्टरची रजा ही सरकारकडून मिळत नाही, ती बरोबरीच्या सहकाऱ्याच्या झोपेतून मिळते. बहिणीच्या लग्नाला चार दिवस गेलेला मुलगा परत येताना अपराध्यासारखा येतो, तो यामुळे.

रजेचे नियमही पाहण्यासारखे आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांत वर्षाला किमान २० दिवसांची सवेतन नैमित्तिक रजा, पाच दिवस शैक्षणिक रजा आणि कामाची निकड पाहून साप्ताहिक सुट्टी अशी तरतूद आहे. ८० टक्के हजेरी आवश्यक आहे, आणि अनुज्ञेय रजेपेक्षा जास्त रजा घेतल्यास तितके दिवस अभ्यासक्रम लांबतो. कामाच्या तासांबद्दल मात्र 'वाजवी' असा एकच शब्द आहे. १९९२ मध्ये निदान ४८ हा आकडा होता. एकतीस वर्षांनी त्याच्या जागी विशेषण आले. ज्या नियमात आकडा नसतो, त्याचा भंग सिद्ध करता येत नाही.

आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांना हा रजेचा प्रश्न लगेच कळेल. राज्य सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, केंद्रीय संस्थांत तर देशभरातून मुले येतात. नांदेडची मुलगी चंडीगडला, सांगलीचा मुलगा पुदुच्चेरीला. त्याला 'आळीपाळीने एक दिवस सुट्टी' मिळूनही घर लांबच राहते. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. म्हणून ही मुले साप्ताहिक सुट्टीचा आग्रह धरत नाहीत; सणाला सलग आठ दिवस मिळतील या आशेने सुट्ट्या 'जमा' करीत राहतात. पुढे त्या जमा सुट्ट्यांची नोंदच कुठे नसते.

मधल्या काळात दोन घटनांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. पहिली २०२१ ची. नीट-पीजी परीक्षा जानेवारीऐवजी सप्टेंबरमध्ये झाली, त्यानंतर आरक्षणाच्या वादामुळे समुपदेशन जानेवारी २०२२ पर्यंत रखडले. शिकणारी एक संपूर्ण तुकडी रुग्णालयात आलीच नाही. तिघांचे काम दोघांवर पडले, आणि दिल्लीतील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. प्रवेशाचे वेळापत्रक कोलमडल्याबरोबर देशाची रुग्णसेवा कोलमडते, ही गोष्टच सांगते की ज्यांना आपण 'विद्यार्थी' म्हणतो तेच प्रत्यक्षात आपले कर्मचारी आहेत. दुसरी घटना ९ ऑगस्ट २०२४ ची, कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातील. दीर्घ पाळीत रात्री विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेलेल्या ३१ वर्षांच्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि छत्तीस-छत्तीस तासांच्या पाळ्यांबद्दल चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी वैद्यक आयोगाच्या मानसिक स्वास्थ्यविषयक कृतिदलाचा अहवाल आला. त्यांच्या पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली होती. सुमारे ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करीत होते, निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नव्हती, आणि ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. कृतिदलाची शिफारस आहे ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि सलग २४ तासांची.

७४ हा आकडा मला अभिमानास्पद वाटत नाही. युरोपने २००९ पासून शिकाऊ डॉक्टरांसाठीही ४८ तासांची मर्यादा लागू केली, आणि रुग्णालयात थांबून केलेले ऑन-कॉल काम झोपेसकट कामाचेच तास धरावेत असा निर्णय तिथल्या न्यायालयाने २००० व २००३ साली दिला. तरीही खरा पाळलेला ७४ हा खोट्या ४८ पेक्षा मला बरा वाटतो. शिवाय घाईने लावलेल्या चांगल्या नियमाचे काय होते हे डिसेंबर २०२५ मध्ये आपण पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तरी देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीकडे पुरेसे वैमानिक उभे राहिले नाहीत, आणि हजारो प्रवासी विमानतळांवर अडकले. नियम आणि माणसे यांची गाठ आधीच घालावी लागते.

माझ्या मते करावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

१) खऱ्या तासांची नोंद. पहिले वर्षभर खरे तास लिहिणाऱ्या अधीक्षकावर मर्यादाभंगाबद्दल कारवाई करू नये. कारवाई व्हावी ती खोट्या नोंदीबद्दल. रुग्णालयात थांबून केलेले ऑन-कॉल कामही त्यात धरावे.

२) 'वाजवी' ऐवजी आकडा. आज ७४, आणि त्यापुढे कोणत्या वर्षी किती, हे विनियमातच लिहावे. चार आठवड्यांची सरासरी चालेल, पण सलग मर्यादा मोडता येऊ नये.

३) रजा-राखीव पदे. दिल्लीच्या केंद्रीय रुग्णालयांत अभ्यासक्रमाबाहेरचे कनिष्ठ निवासी डॉक्टर पूर्वीपासून नेमले जातात. तशीच पदे सर्वत्र, निवासी डॉक्टरांच्या संख्येच्या प्रमाणात आणि केवळ विश्रांती व रजेसाठी मंजूर करावीत.

४) डॉक्टरचे नसलेले काम डॉक्टरकडून काढून घ्यावे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्रपाळीतील एक तंत्रज्ञ आणि एक परिचर यांनी जेवढे तास वाचतील तेवढे दुसऱ्या कशानेही वाचणार नाहीत.

५) रोस्टरमध्ये अर्धा तास हस्तांतरासाठी छापील असावा. दूरच्या राज्यातून आलेल्यांना वर्षातून एकदा सलग रजा हक्काने मिळावी. आणि ऑन-कॉल डॉक्टरला कडी असलेली, पलंग असलेली खोली असावी. हे लिहिण्याची वेळ यावी याची लाज वाटते.

खर्च येईल का? येईल. तो आजही येतोच आहे, फक्त कुठल्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही. देशातील पदव्युत्तर जागा २०१४ मध्ये सुमारे ३१ हजार होत्या, २०२४ मध्ये ७३ हजारांच्या वर गेल्या. त्या वाढल्याने भार आपोआप हलका होईल अशी आशा होती. पण फुकटच्या तासांची मागणी पुरवठ्याबरोबर वाढत जाते. मोजणी सुरू झाल्याशिवाय ती थांबणार नाही.

लातूरचा तो मुलगा आता त्याच्याच जिल्ह्यात भूलतज्ज्ञ आहे. मागे फोनवर बोलणे झाले तेव्हा मी त्याला माझ्या त्या टिप्पणीची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, ते रोस्टर आम्हीच बनवायचो. फर्स्ट इयरचं कामच असतं ते. रात्री तीनला बसून आठ-आठ तास भरायचे."

माझ्यापुढे आलेला तो नीटनेटका कागद अशाच एखाद्या जागरणात तयार झाला असणार. फाईल आज पुन्हा माझ्याकडे आली, तर मी एवढेच लिहीन : "सादर केलेले रोस्टर प्रत्यक्ष ड्यूटीशी पडताळून पाहिल्याशिवाय ग्राह्य धरू नये. रात्री दोन वाजता वॉर्डात जाऊन पडताळणी करावी, आणि तीत या विभागाचा एक अधिकारी असावा." पदनिर्मितीच्या टेबलावर आज जे कोणी बसले असतील, त्यांनी हे वाचले तर निदान एक रात्र तेवढे करून पाहावे.